साचलेलं पाणी आणि तायडे मामा

लग्न होऊन मी या गावात आले, त्या पहिल्याच शनिवारी सकाळी एक उंच, अनोळखी माणूस आमच्या मागच्या अंगणात रांजणात डोकं घालून उभा होता. मी घाबरले. आत येऊन सासूबाईंना म्हटलं, "आई, कोणीतरी आपल्या रांजणात बघतंय."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शनिवार हाय काय आज? मंग तायडे भाऊ असतीन."

एवढंच. जणू घरोघरी शनिवारी कोणीतरी येऊन रांजणात डोकावतंच. मी देऊळगाव राजाकडची. तिकडची बोली निराळी, माणसं निराळी. इथलं 'मले', 'तुले', 'काऊन' ऐकून मला अजून हसू यायचं. मला वाटलं, हीसुद्धा इथलीच काहीतरी रीत असेल.

रीत नव्हती. तो एकट्या तायडे मामांचा नेम होता.

सोनाळ्याच्या थोडं अलीकडे आमचं गाव. आमच्या आणि मामांच्या घरामध्ये एक बोळ आहे, दोन माणसं अंग चोरून जातील एवढा. मामा हिवतापाच्या कामावर होते. पाठीला पंप लावून गावोगाव भिंती फवारायच्या, तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या, यात त्यांची सगळी नोकरी गेली. पंपाच्या पट्ट्यानं डावा खांदा कायमचा खाली आलेला. त्यामुळे ते नुसते उभे असले तरी काहीतरी ऐकायला झुकल्यासारखे दिसत. गावात त्यांना 'मलेरियावाले तायडे' म्हणत. निवृत्त झाले, पंप खात्यात जमा केला, पण नजर काही जमा करता आली नाही. आपल्या गल्लीतल्या वीसेक घरांची मागची अंगणं त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतली.

खिशात एक टॉर्च आणि हातात काठीला बांधलेली पांढरी चिनीमातीची वाटी. वाटी पांढरीच का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "स्टीलमधी अळी दिसत नाही. पांढऱ्यावर वळवळली का दिसते." रांजण, हौद, म्हशीच्या पाण्याची टाकी, तुळशीच्या कुंडीखालची थाळी, फ्रिजच्या मागचा ट्रे, फुटका माठ, कोंबड्यांचं भांडं, शेवग्याखाली पडलेली करवंटी. सगळीकडे ती वाटी बुडायची. काही सापडलं की मामा ओरडायचे नाहीत. घरातल्या माणसाला हाक मारून बाहेर बोलवायचे, वाटी त्याच्या डोळ्यांपुढे धरायचे आणि म्हणायचे, "हे पाहा तुमचे पाहुणे." त्यानं नीट बघितल्याशिवाय वाटी हलवायचे नाहीत. माणूस ओशाळायचा. मग मामा स्वतःच बाह्या सारून कामाला लागायचे.

आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. अशा गावात 'पाणी ओतून द्या' म्हणणं म्हणजे शिवी देणं. मामांना ते ठाऊक होतं. एकदा तालुक्याहून एक तरुण साहेब आले आणि आमच्या सासूबाईंना भरला रांजण रिकामा करायला सांगू लागले. मामा मागे उभे होते. शांतपणे म्हणाले, "साहेब, हे पानी बाईनं दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर असं भरलं. तुमी एक हंडा भरून दाखवा, मंग वता." त्यांची स्वतःची पद्धत वेगळी. दुहेरी फडक्यातून पाणी गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यायचं, तळाचं गढूळ दोडक्याच्या वेलाला घालायचं आणि मग रांजण आतून काथ्यानं घासायचा. घासण्यावर त्यांचा फार जोर. "अंडे काठाले चिकटून राह्यते. पानी बदललं अन् घासलं नाही, तं काहीच केलं नाही."

गावात धुराची गाडी यायची तेव्हा लोकांना फार बरं वाटायचं. पांढऱ्या धुरात सगळी गल्ली बुडायची, म्हाताऱ्या खोकत खोकत समाधानानं दारं लावून घ्यायच्या. मामा मात्र हाताची घडी घालून ओट्यावर उभे. म्हणायचे, "धूर म्हणजे मच्छराले रागावनं. रागावल्यानं कोनी घर सोडते काय? त्याचं घर मोडलं पाह्यजे." कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, उदबत्त्या, कॉइल, कशालाच त्यांची ना नव्हती, पण विश्वासही नव्हता. त्यांचा विश्वास एका गोष्टीवर. ती त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की मला पाठ झाली. "हा दिवसा चावनारा मच्छर लय लांब जात नाही, सूनबाई. जिथं जन्मते, तिथंच आसपास फिरते. तुमचा मच्छर तुमालेच चावते, नाहीतं शेजाऱ्याले."

मामांच्या मागच्या अंगणात सिमेंटची एक जुनी टाकी होती. तिच्यात गप्पी मासे. हे मासे अळ्या खातात म्हणून मामा ते बरणीत घालून गावभर वाटायचे. कोणाची विहीर, कोणाचा हौद, सगळीकडे मामांचे मासे. एकदा गल्लीतल्या एका मुलीचं लग्न होतं. मामी साडी घेऊन गेल्या आणि मामा झाकणाला भोकं पाडलेली काचेची बरणी. मांडवात आहेर पुकारणाऱ्या माणसाला काय म्हणावं कळेना. तो बरणी वर धरून म्हणाला, "तायडे मामांकडून... मासे." सगळा मांडव हसला. नवरदेवाच्या आईनं तोंड वाकडं केलं. मामा हसले नाहीत. नवरीजवळ जाऊन म्हणाले, "सासरी हौद असन तं त्यात सोडजो. खायाले घालाचं काम नाही." ती मुलगी पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा मामांच्या दारात उभी राहून सांगत होती, "मामा, मासे लय झाले. आमच्या गल्लीत वाटले मी." त्या दिवशी मामा दिवसभर खुशीत होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, ती आमच्या घराची आहे. मामा आमच्या मागच्या अंगणात यायचे, पण स्वयंपाकघरात कधी आले नव्हते. माझ्या सासूबाई वाईट नव्हत्या. पण जुन्या घरातल्या होत्या, आणि मामा बौद्ध. कोणी काही बोलत नसे. मामांना चहा मिळायचा, तो अंगणात, कपही वेगळा. मी नवी होते. मला दिसत होतं आणि मी गप्प होते.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात एका शनिवारी मामा अंगणातल्या दगडावर चहा पीत बसले होते. सासूबाई दारात. बोलता बोलता मामांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली गोष्ट काढली. नोकरीला नुकतेच लागले होते. एका घरी फवारणीला गेले, तर घरचा म्हातारा आडवा आला. सगळं घर फवार, पण चुलीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. मामांनी वाद घातला नाही. चुलीची खोली सोडली, बाकी घर फवारलं, पुढे गेले. "मले काय मालूम, त्या घरची सून बाळंत होती अन् तिची बाज चुलीच्या खोलीतच होती. ऊब राह्यते म्हनून. तीन आठवड्यानं रक्त घ्याले गेलो, तं ती थंडीनं अशी हालून राह्यली होती का बाज वाजत होती. लेकरू बाजूले."

"मंग?" सासूबाईंनी विचारलं.

"मंग काय. गोळ्या देल्या. वाचली. पन मी तवापासून कोपरा सोडत नाही, काकू. एक कोपरा सोडला म्हंजे सारं घर सोडलं."

ते हे कोणाला सुनवायला बोलत नव्हते. आपली चूक सांगत होते. म्हाताऱ्याची चूक होती, हे त्यांच्या मनातही नसावं. पुढच्या शनिवारी मामा आले, तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं आणि म्हणाल्या, "तायडे भाऊ, आतले माठ कोन पाहीन? या आत." मामा आत आले. देवाच्या कोनाड्याखालचा माठसुद्धा पाहिला. चहा आतच झाला, आमच्यातल्याच कपात. जाताना मामा एवढंच म्हणाले, "काकू, फ्रिजच्या मांगं लय पानी होतं." सासूबाई मान हलवून हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मामांना एकच मुलगी. प्रज्ञा. अकोल्याला एका शाळेत शिकवायची, नवराही तिथेच नोकरीला. बारीक चणीची, बोलकी, हसली की डोळे मिटायचे. बापाची ती एकटीच थट्टा करू शकायची. "माझ्या लग्नाच्या पत्रिकेत बाबा खाली छापनार होते, 'पान्याचे भांडे झाकून ठेवा'. आईनं हात जोडले तवा राह्यले." मामा तिच्यासमोर अगदी वेगळे व्हायचे. काही न बोलता तिच्याकडे बघत बसायचे.

ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. पोळा झालेला, पाऊस थांबून थांबून पडत होता. ज्या दिवशी ती येणार, तो शनिवार होता.

त्या दिवशी मामा घाईत होते. साडेअकराच्या बसला सोनाळ्याला तिला आणायला जायचं होतं. तरी नेम चुकवला नाही. रांजण बघितला, हौद बघितला, आणि जाता जाता मागच्या दारातून मला विचारलं, "सूनबाई, कूलर कोरडा केला ना?"

उन्हाळा संपला तरी उकाड्यानं कूलर चालूच होता; मागच्या शनिवारी मामा येऊन गेल्यावर आम्ही तो बोळात विटांवर नेऊन ठेवला होता, वर ताडपत्री. टाकीतलं पाणी काढायचं राहिलं होतं. रविवारी काढतो, असं माझे यजमान म्हणाले होते. तो रविवार येऊन गेला होता. त्यांनी काढलं की नाही, मी विचारलं नव्हतं, जाऊन बघितलं नव्हतं. तव्यावर भाकरी होती. मी म्हटलं, "हो मामा, केला."

"बरं झालं," म्हणाले आणि निघाले.

इतक्या वर्षांत त्यांनी कधी कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. 'केलं' म्हटलं तरी जाऊन बघायचे. त्या दिवशी तेवढा ठेवला, आणि पुढचे दोन शनिवारही 'कोरड्या' कूलरकडे वळले नाहीत.

प्रज्ञा आली. आठवा महिना होता. दुपारी ती त्यांच्या मागच्या पडवीत बसायची, बोळाच्या बाजूला. तिथं वारा चांगला यायचा. पाय सुजायचे म्हणून उपड्या घमेल्यावर पाय ठेवून जुनी वर्तमानपत्रं वाचायची, शाळेच्या वह्या तपासायची. मी चिंचेची चटणी केली की वाटी भिंतीवरून तिच्याकडे द्यायची. ती बोट चाटत म्हणायची, "वहिनी, मुलगी झाली तं तुमच्या चटणीनंच झाली समजा."

तिसऱ्या आठवड्यात तिला ताप आला.

मामांनी एक दिवसही घालवला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर गावात काही लोक वेगळं बोलले. पहिल्याच दिवशी तिच्या डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हटल्यावर मामांचा चेहरा उतरला. त्याच दुपारी गाडी करून तालुक्याला नेलं, रक्त तपासलं, आणि तिथूनच अकोल्याला. डेंग्यू होता. पेशी कमी होत गेल्या. डॉक्टरांनी बाळ वाचवायला ऑपरेशन केलं. मुलगी झाली, अगदी हाताएवढी, पण जगली. प्रज्ञा ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गेली.

अकोल्याहून गाडी आली तेव्हा सगळी गल्ली बाहेर उभी होती. मामा गाडीतून उतरले आणि कोणाकडेही न बघता आधी मामींना हात देऊन उतरवलं. विमल मामी रडत नव्हत्या. ओट्यावर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या. बौद्ध रीतीनं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आले-गेले. बाळ अकोल्यालाच होतं, तिकडच्या आजीजवळ.

मला त्या दिवसांत कूलर आठवला नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे आठवला होता. ताप आला कळलं त्याच क्षणी आठवला होता, आणि तेव्हापासून मी त्या बोळाकडे गेले नव्हते. यजमानांनाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

दोन शनिवार मामा आले नाहीत. तिसऱ्या शनिवारी आले. गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली, आमचं घर शेवटी. रांजण पाहिला, हौद पाहिला. कूलरबद्दल काही विचारलं नाही. सरळ बोळात गेले.

स्वयंपाकघराची खिडकी बोळात उघडते. मी खिडकीशी उभी होते. ताडपत्री एका कोपऱ्यात फाटली होती, पावसाचं पाणी आत गेलं होतं. मामांनी ताडपत्री उचलली, वाटी आत बुडवली आणि बाहेर काढून उजेडाकडे धरली. वाटीत काय होतं ते मला खिडकीतून दिसलं नाही. मामांची मान जागच्या जागी थांबली, त्यावरून कळलं. पाच हातांवर त्यांची पडवी होती, आणि तिथे ते उपडं घमेलं अजून तसंच होतं.

मला वाटलं, आता हाक येईल. 'सूनबाई, हे पाहा तुमचे पाहुणे.' मी पदर नीट केला. हाक आली नाही.

मामांनी टाकीचं बूच काढलं, पाणी मातीत जाऊ दिलं. उरलेलं पाणी कूलर तिरका करून काढलं. त्या वयात, एकट्यानं. मग काथ्या घेऊन आतून घासायला लागले. किती वेळ घासत होते. खांद्यावरचा दुपट्टा काढून आतून कोरडं पुसलं, कोपरान् कोपरा. ताडपत्री पुन्हा घातली, फाटका भाग खाली दुमडून. आणि मग विटांच्या बाजूला खाली बसले, माझ्याकडे पाठ करून.

मी बाहेर गेले.

"मामा."

"चहा ठेवला काय सूनबाई?"

"मामा, त्या दिवशी मी म्हटलं ना, कूलर कोरडा केला म्हणून... मी बघितलं नव्हतं. मी नुसतं..."

त्यांनी हात वर केला. रागानं नाही, रस्त्यात एखाद्याला थांबवावं तसा.

"कोन्या घरचा होता, थे मच्छराच्या आंगावर लिवलेलं नसते," ते म्हणाले. "गल्लीत वीस घरं हायेत. बसमधी चावला असन. अकोल्याले चावला असन. तू हे डोक्यात घेऊ नको. तुले संसार कराचा हाय."

हा मच्छर लांब जात नाही, हे मला शिकवणारा माणूस मला सांगत होता की तो कुठूनही आला असेल.

मी रडायला लागले. मामा रडले नाहीत. थोड्या वेळानं, ओला दुपट्टा पिळत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी इचारलं. पाह्यलं नाही. सारी नोकरी पाहून घेतलं, अन् त्या दिवशी इचारून घेतलं."

मग उठले आणि म्हणाले, "साखर कमी टाकजो."

संध्याकाळी मी यजमानांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते कूलर भंगारात देऊन आले. पुढचे उन्हाळे आम्ही कूलरवाचून काढले, पण त्यानं काय होणार होतं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या देवापुढची वात सारखी करत होत्या. म्हणाल्या, "त्याईनं बोलू नको म्हटलं नं? मंग गावात बोलू नको. पन इसरू बी नको."

मामा शनिवारी येत राहिले. पूर्वीसारखेच. फक्त आता कोणाला काही विचारायचे नाहीत. 'झाकलं का', 'घासलं का', काहीच नाही. थेट जाऊन बघायचे. आणि पाहुणे दाखवायचंही बंद झालं. अळ्या सापडल्या तर गुपचूप काढून टाकायचे, घासायचे, जायचे. लोकांना वाटलं, म्हातारे थकले. मला वाटायचं, आता त्यांना कोणाचा ओशाळलेला चेहरा बघवत नाही.

मी दोन-तीनदा पुन्हा प्रयत्न केला. माफी मागायची होती. रडून, अर्धवट नाही. नीट, पूर्ण वाक्यात. मी खोटं बोलले होते, हे त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं होतं. दरवेळी मामांना आधीच कळायचं. "सूनबाई, मुगाचं काय म्हनते यंदा?" असं काहीतरी विचारून ते विषय दुसरीकडे न्यायचे. एकदा मामींजवळ बोलायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "त्याईनं मले सांगतलं सारं. आता त्याईले त्रास नको देऊ माय." मामींच्या हाताला तेव्हा ताकद नव्हती, पण पकड घट्ट होती.

दोन वर्षं अशी गेली. मग अकोल्याची आजी अंथरुणाला खिळली. जावयानं फोन केला, मुलीला बघायला कोणी नाही, तुम्ही दोघं या. मामा-मामींनी आठ दिवसांत घर आवरलं. टाकीतले मासे मामांनी गल्लीत वाटून दिले, टाकी कोरडी करून उपडी घातली. निघायच्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं. आमच्याकडे आले, सासूबाईंना हात जोडले. सासूबाईंनी त्यांना दही-साखर दिली. गाडीत बसताना मामांचा तो खाली आलेला खांदा आणखी खाली आल्यासारखा वाटला.

शनिवार येत. मी माझं अंगण बघायची. गल्लीतलं दुसरं कोणी बघत होतं की नाही, मला माहीत नाही. मी कोणाच्या दारात गेले नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं.

त्यानंतर वर्षभरानं मी अकोल्याला गेले. घरी काम सांगितलं होतं कपडे आणायचं. खरं काम एकच होतं, राहिलेलं बोलायचं. पत्ता विचारत विचारत त्यांच्या घरी पोचले. एका नव्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मामींनी दार उघडलं आणि मला पोटाशी धरलं. प्रज्ञाची मुलगी मधल्या खोलीतून आली. तीन वर्षांची. नाव मैत्री. माझ्यासाठी दोन्ही हातांनी पेला धरून पाणी घेऊन आली, अर्धं वाटेत सांडलं. हसली तेव्हा डोळे मिटले.

मी खाली बघून पाणी प्याले.

"मामा?"

"गेले खालच्या लाईनीत," मामी म्हणाल्या. "रोजचंच हाय. मोतीबिंदू झाला, दिसत नाही नीट, तरी जातात. इथं कोनी घरात घेत नाही त्याईले. कोनी चंद्यावाला समजते, कोनी चोर. म्या म्हटलं, काऊन जाता? तं म्हनतात, घरात लेकरू हाय."

मी तासभर थांबले. मामा आले नाहीत. आमच्याकडे येणारी अकोटची बस चुकली असती तर घरी पोचायला अंधार झाला असता, म्हणून निघाले. मैत्रीच्या हातात खाऊ दिला, मामींच्या पाया पडले.

खालची लाईन म्हणजे बंगल्यांची एक रांग होती. प्रत्येकाला लोखंडी फाटक, आत गाडी, कुंड्या. रांगेच्या मध्यावर मला मामा दिसले. एका फाटकाचा गज धरून उभे होते. सदरा तोच, बाकी माणूस निम्मा राहिलेला. फाटकाच्या आत गाऊनमधली एक तरुण बाई, हातात मोबाइल. मी लिंबाच्या झाडाशी थांबले. दहा पावलांवर होते. बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"काका, आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे," ती बाई म्हणत होती. "दर महिन्याला माणूस येतो फवारायला."

"असन बाई. तरी एकदा पाह्यलेलं बरं. पाच मिनिटं. मले काही नाही पाह्यजे."

"नाही हो. घरात कोणी पुरुष नाहीये आत्ता."

ती वळली. मामांनी गज सोडला नाही.

"माझी पोरगी यातच गेली, बाई," मामा म्हणाले. आवाज सपाट होता, अनेक दारांत बोलून झालेला. "पोटुशी होती. मीच पाह्याचं राह्यलो होतो. घाईत होतो. बाजूलेच पानी होतं, मी पाह्यलं नाही."

मी जे बोलायला आले होते, ते सगळं मामा बोलत होते. स्वतःच्या नावानं. अनोळखी माणसांच्या दारात, रोज.

ती बाई थांबली. मामांकडे बघत राहिली. मग मोबाइल कठड्यावर ठेवला आणि येऊन फाटक उघडलं. मामांनी चपला बाहेर काढल्या आणि एक हात भिंतीला लावून, चाचपडत, हळूहळू आत गेले.

बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. दुपारचं ऊन फाटकावर आलं होतं. मी पुढे गेले. त्यांच्या चपला उचलल्या, फाटकाच्या भिंतीशी सावलीत, त्यांच्या पायांना सापडतील अशा नीट जोडून ठेवल्या. आणि स्टँडकडे निघाले.